दुकानाची माहिती प्रणाली कशी उभारायची: गोव्यातल्या नव्या व्यापाऱ्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

घरचा धंदा हाती घेणारी मुलं-मुली भेटली की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" बी.कॉम. किंवा बीबीएला व्यवस्थापन माहिती प्रणाली हा विषय होऊन गेलेला असतो, त्यातला व्यवस्थापनाच्या तीन थरांचा त्रिकोणही पाठ असतो. दुकानातली माहिती मात्र बिलबुकात, उधारीच्या वहीत आणि वडिलांच्या डोक्यात अशी तीन ठिकाणी विखुरलेली असते. फोंड्याजवळच्या आमच्या घाऊक-किरकोळ किराणा दुकानात हे सगळं एका धाग्यात आणताना जो क्रम उपयोगी पडला, तो इथे मांडतो. किराण्याच्या जागी हार्डवेअर, काजू किंवा औषधं असली तरी क्रम फारसा बदलत नाही.

पुस्तकात माहिती प्रणालीचे पाच भाग सांगतात: माणसं, कामाची रीत, माहिती, सॉफ्टवेअर आणि यंत्रं. विकत मिळतात ते शेवटचे दोन. पहिले तीन तुम्हालाच बसवावे लागतात, आणि त्यांचा सगळा भार एका नियमावर असतो: नोंद एकदाच व्हावी, घटना घडते तिथेच व्हावी, घडते तेव्हाच व्हावी आणि ती करणारा माणूस ठरलेला असावा. पुढच्या पायऱ्या या नियमाच्याच आहेत.

## १. आधी प्रश्नांची यादी करा

हार्वर्डचे रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये व्यवस्थापनाच्या कामाचे तीन थर मांडले: रोजचं काम चालवणं, कामावर नियंत्रण ठेवणं आणि दूरची आखणी करणं. पाठ्यपुस्तकातला त्रिकोण तिथूनच आला. दुकानात त्याचं रूप साधं असतं.

काउंटरवरचा मुलगा विचारतो, "उकडे तांदूळ मागे किती पोती आहेत?" दुकान सांभाळणारा विचारतो, "कोणाकोणाची उधारी साठ दिवसांच्या वर गेली?" आणि मालकाला हवं असतं ते वेगळंच: काजूच्या हंगामासाठी मार्चपर्यंत किती पैसे मोकळे करता येतील, डिचोलीला गोदाम घेणं परवडेल का?

असे दहा-बारा प्रश्न कागदावर लिहा. प्रत्येकासमोर लिहा की उत्तर कोणाला हवं, किती वेळाने हवं (क्षणात, रोज की महिन्याने) आणि त्यासाठी कुठली नोंद लागेल. ज्या माहितीबद्दल कोणीच प्रश्न विचारत नाही ती गोळा करू नका. ग्राहकाची जन्मतारीख विचारणारा रकाना सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून भरायलाच हवा असं नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे, कामापुरतीच माहिती घ्या.

## २. एका व्यवहाराच्या मागे चालत जा

एखादं खरं गिऱ्हाईक निवडा, शक्यतो उधारीवर नेणारं. त्याने फोनवर ऑर्डर दिली तिथपासून पैसे बँकेत पडेपर्यंत काय काय लिहिलं गेलं ते बघा. ऑर्डर कोणीतरी कॅलेंडरच्या मागे लिहिली, मग चलन, मग बिल, मग उधारीची वही, पैसे आल्यावर पुन्हा तीच वही, आणि महिनाअखेरीस अकाउंटंटकडे हे सगळं नव्याने टाइप. तीच रक्कम चार वेळा लिहिली जाते आणि चारांपैकी एका ठिकाणी हमखास वेगळी असते.

खरेदीच्या बाजूने हेच करा. गाडी आली, माल कोणी मोजला, बिलावरचा आकडा आणि उतरलेला माल जुळला का, फुटलेल्या बाटल्या कुठे लिहिल्या?

हा प्रवास मोठ्या कागदावर चौकटी आणि बाण काढून मांडा. जिथे तीच गोष्ट दुसऱ्यांदा लिहिली जाते तिथे लाल खूण करा. या लाल खुणा म्हणजेच तुमच्या नव्या प्रणालीची कामाची यादी.

## ३. मास्टर स्वच्छ करा (वेळ सगळ्यात जास्त इथे जातो)

प्रणालीत दोन प्रकारची माहिती असते. क्वचित बदलणारी, म्हणजे वस्तू, गिऱ्हाइकं, पुरवठादार. तिला मास्टर म्हणतात. आणि रोज वाढणारी, म्हणजे बिलं, पावत्या, खरेदी. पायातला दगड हलता असला तर वरची भिंत कितीही सरळ रचा, तडा जायचाच. मास्टर बिघडला की तसंच होतं. तरी विक्रेते याबद्दल गप्प असतात, कारण हे काम त्यांना करायचं नसतं.

वस्तू. खोबरेल तेल, नारळ तेल, कोकोनट ऑइल, ‘को. ऑइल १ ली.’ अशी एकाच डब्याची चार नावं आमच्या जुन्या बिलांत होती. संगणकाला त्या चार वस्तू वाटतात आणि चौघींचा साठा चुकीचा दाखवला जातो. नाव लिहिण्याची पद्धत ठरवा: आधी वस्तू, मग कंपनी, मग माप. ‘खोबरेल तेल – अमुक कंपनी – १ लिटर’. पॅकबंद मालावर बारकोड असतो, तो वापरा. सुट्या मालाला स्वतःचा छोटा कोड द्या. त्या कोडमध्ये अर्थ कोंबू नका. जात, दर्जा, रॅक, पुरवठादार असं सगळं कोडात भरलं की रॅक बदलला त्या दिवशी कोड खोटा पडतो.

एकक. तांदूळ पोत्याने घेता आणि किलोने विकता. नारळ नगाने. सोलं (आमसुलं) गावच्या बायका आणून देतात ती किलोने, बाजारातली पाकिटं नगाने. खरेदीचं आणि विक्रीचं एकक वेगळं असेल तर त्यांचं गणित मास्टरमध्येच बांधा, ‘१ पोतं = ५० किलो’ असं. मात्र सगळी पोती पन्नासची नसतात. तीस किलोचं पोतं ही वेगळी वस्तू म्हणून उघडा.

काजूगरात दर्जा हीच वस्तू: डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०, तुकडा, पाकळी. आकडा एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतो, म्हणून आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. ‘काजू’ या एकाच नावाखाली सगळं टाकलं तर नफा कशावर झाला हे कधीच कळणार नाही.

कर. एचएसएन कोड (करासाठी वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) आणि जीएसटीचा दर वस्तूच्या मास्टरमध्ये असावा, बिल करताना हाताने टाकायचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेव्हा साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले, तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. मास्टरमध्ये ‘या तारखेपासून हा दर’ असा रकाना असलेल्यांनी आदल्या रात्री बदल केला आणि सकाळी दुकान उघडलं. घेताना हा रकाना आहे का ते बघा.

गिऱ्हाइकं. इथे गोव्याची खास पंचाईत. एका गावात चार संतोष नाईक आणि तीन गावकर सर निघतात, त्यातले दोघे एकाच वाड्यावरचे. वहीत वडील ‘संतोष, पिंपळाकडचा’ असं लिहायचे आणि त्यांना ते पुरायचं. संगणकाला पुरत नाही. प्रत्येक खात्याला स्वतःचा क्रमांक द्या. मोबाइल नंबर शोधायला ठेवा, पण ओळख म्हणून वापरू नका. नंबर बदलतो, आणि बऱ्याचदा तो मुलाच्या नावावर असतो. पिंपळाकडचा हे टोपणनावाच्या रकान्यात जरूर लिहा, काउंटरवर तेच कामाला येतं.

गावांच्या नावांचंही तसंच. साखळी आणि सँक्वेलिम, डिचोली आणि बिचोलिम, पेडणे आणि पेर्नेम, मडगाव आणि मार्गांव: एकाच्या जागी दोन-दोन. गावांची एक पक्की यादी करून त्यातूनच निवडायला लावा. हाताने टाइप करू दिलंत तर ‘डिचोली भागात विक्री किती’ या प्रश्नाचं उत्तर अर्धंच येईल.

पुरवठादार. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, गोव्यातला असेल तर सुरुवात ३० ने होते आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. टाकल्यावर पोर्टलवर तपासून घ्या. उत्पादक पुरवठादाराची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का तेही विचारून ठेवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत (लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५) दिले नाहीत, तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरला जातो.

## ४. नोंद कोण, कुठे, केव्हा करणार ते ठरवा

माल उतरला की दारातच मोजायचा आणि तिथेच आवक नोंदवायची. बिल नंतर आलं तरी चालेल. विक्रीची नोंद काउंटरवर, पैसे आल्याची नोंद पैसे घेणाऱ्याने. ‘संध्याकाळी बसून टाकू’ म्हणालात की नोंदीतला तपशील गळून जातो, आणि एकदा सवय लागली की संध्याकाळचा शनिवार होतो.

रोख, यूपीआय आणि उधार हे तीन प्रकार बिलावरच वेगळे करा. दुकान बंद करताना गल्ला मोजा, यूपीआयच्या अ‍ॅपवरची बेरीज बघा आणि दोन्ही प्रणालीतल्या आकड्यांशी ताडा. फरक निघाला तर त्याच रात्री शोधा, दुसऱ्या दिवशी तो कोणालाच आठवत नाही.

तीन गोष्टी जवळजवळ सगळी दुकानं नोंदवायची विसरतात:

- परत आलेला माल. तो मुकाट्याने रॅकवर जातो. क्रेडिट नोट (परताव्याची पावती) हवी.
- खराब, फुटलेला, मुदत संपलेला माल. पावसाळ्यात गोव्यात डाळींना आणि पापडांना ओल लागते, हे काही नवीन नाही. फेकण्याआधी नोंद, मग फेका.
- घरी नेलेलं. यावर भांडण होतं, तरी सांगतो. आई दोन किलो साखर नेते, काका पाहुण्यांसाठी काजूचं पाकीट उचलतात, आणि वर्षअखेरीस साठा कमी निघाला की संशय कामगारावर जातो. ‘घरखर्च’ नावाचं खातं उघडा आणि नेणाऱ्याने काउंटरवर सांगूनच न्यायचं हा नियम मालकापासून सुरू करा. घरी वापरलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं, म्हणून अकाउंटंटलाही ही नोंद लागतेच.

कच्च्या काजूबिया थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर खरेदीचा वेगळा प्रकार उघडा. तिथे नोंदणीकृत खरेदीदाराला उलट आकारणीने कर स्वतः भरावा लागतो आणि बिलही स्वतःच बनवावं लागतं. नेहमीच्या खरेदीत मिसळलं की नंतर वेगळं काढताना दमछाक होते.

## ५. आता सॉफ्टवेअर

दिवसाला थोडीच बिलं आणि एकच माणूस असेल तर स्प्रेडशीट चालते. दोन माणसं एकाच वेळी नोंद करायला लागली की तिची हद्द संपली. त्यानंतर टॅली, बिझी, मार्ग, झोहो बुक्स यांसारखी हिशेब आणि साठा एकत्र ठेवणारी पॅकेजेस पुरतात. ईआरपीचा (सगळे विभाग जोडणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरचा) मोह अनेक शाखा किंवा उत्पादन असल्याशिवाय धरू नका. वापरलेच न जाणारे विभाग बघत बसायचे पैसे कशाला?

डेमो बघताना विक्रेत्याच्या नमुन्यावर डोळे मिटून विश्वास नको. तुमच्या पन्नास वस्तू आणि वीस खरी बिलं घेऊन बसा, त्यात एक परतावा आणि एक रद्द बिल असू द्या. मग विचारा:

- इंटरनेट गेलं तर बिल होतं का? पावसात हा प्रश्न गमतीचा नसतो.
- माझी सगळी माहिती एक्सेलमध्ये मला स्वतःला, तुम्हाला फोन न करता, बाहेर काढता येते का?
- परवाना कोणाच्या नावावर आणि ईमेलवर? तुमच्या. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या मुलाच्या नव्हे.
- पहिल्या वर्षानंतर दरसाल किती?
- देवनागरीत बिल आणि वस्तूंची नावं नीट छापतात का? पडद्यावर दिसतं ते प्रिंटरवर येतंच असं नाही, छापून बघा.

दुकान खासगी मर्यादित कंपनीच्या नावावर असेल तर प्रत्येक बदलाची खूण ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. मालकी किंवा भागीदारी धंद्याला ही सक्ती नाही, तरी मी ती सोय चालूच ठेवा म्हणेन.

## ६. हाताशी लागणारे कागद आणि साधनं

- पॅन, जीएसटी नोंदणी, पालिका किंवा पंचायतीचा व्यापार परवाना, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा अन्न परवाना
- गेल्या वर्षीचा ताळेबंद आणि भरलेली जीएसटी विवरणपत्रं
- सर्व खात्यांची बँक स्टेटमेंट
- खातेनिहाय येणं-देणं, बदलाच्या तारखेचं
- प्रत्यक्ष मोजलेला साठा, वस्तूच्या खरेदीभावासकट
- संगणक, थर्मल किंवा साधा प्रिंटर, बारकोड वाचक, यूपीएस, बाहेरची हार्ड डिस्क

यूपीएसवर काटकसर नको. मे अखेरीस गडगडाट सुरू झाला की वीज जाते-येते, आणि बिल अर्धवट असताना संगणक बंद पडला तर माहितीची फाइल बिघडू शकते. दुकान बंद करताना राउटरचा प्लगही काढा.

## ७. कोणाला काय करता येईल

प्रत्येकाला वेगळं लॉगिन. एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असेल तर चूक कोणाची हे प्रणाली सांगू शकत नाही. बिल करणाऱ्याला बिल रद्द करता येऊ नये, भाव बदलता येऊ नये. यात कोणावर अविश्वास नाही. पैसे कमी आले तर प्रामाणिक माणसावर आळ येऊ नये याची ही सोय आहे. आमच्याकडच्या जुन्या कामगाराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पात्रांव (मालक), मग माझंही नाव वेगळं घाला." ते बरोबरच होतं.

जीएसटी पोर्टल आणि बँकेचे ओटीपी मालकाच्या फोनवर यावेत, अकाउंटंटच्या नाही.

## ८. बदलाचा दिवस

बहुतेक जण १ एप्रिल सुचवतात. हिशेबाच्या दृष्टीने तो सोयीचा, दुकानाच्या दृष्टीने वाईट: काजूचा हंगाम भरात, अकाउंटंट वर्षअखेरीत बुडालेला. माझं मत १ जुलैचं. पावसाने गिऱ्हाईक कमी, साठा कमी म्हणून मोजणी सोपी, आणि जीएसटीची तिमाहीही तिथूनच सुरू होते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजारापर्यंत हात बसलेला असतो. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र काहीही नवीन सुरू करू नका.

बिलांची नवी मालिका घ्या. क्रमांक सलग हवा, सोळा अक्षरांच्या आत हवा आणि आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा. रद्द बिलाचा क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. जुनी उधारीची वही महिनाभर सोबत चालू ठेवा आणि दर शनिवारी दोन्हीकडची येणी जुळवा. जुळायला लागली की वही बंद. दोन्ही कायमच्या चालू ठेवल्या तर लोक वहीवरच विश्वास ठेवतात.

## ९. बॅकअप

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. रोज रात्री आपोआप, आठवड्याला हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क घरी. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप आहे असं धरू नका. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर सोडतानाही त्यातली माहिती उघडता येईल अशी ठेवा.

## १०. अहवाल थोडे काढा, पण वापरा

पॅकेजमध्ये शेकड्याने अहवाल असतात. सुरुवातीला चार पुरतात.

पुन्हा मागवण्याची पातळी. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा. समजा उकडे तांदूळ रोज ४० किलो जातात, माल यायला सहा दिवस लागतात आणि राखीव १०० किलो ठेवायचे. तर ३४० किलो उरले की ऑर्डर द्यायची. ऑक्टोबर ते मार्च आणि पावसाळा यांचे आकडे वेगळे ठेवा, वर्षाची सरासरी दोन्हीकडे फसवते.

पडून असलेला माल. नव्वद दिवसांत न हललेल्या वस्तू. ही यादी वाचायला कोणालाच आवडत नाही.

२बी जुळवणी. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या तुमच्या खरेदीची यादी) तयार होते. तुमची खरेदी तिच्याशी ताडा. पुरवठादाराने बिल दाखवलं नसेल तर ते क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) भरायची तारीख मासिक भरणाऱ्यांना २० असते, मधल्या सहा दिवसांत फोन करता येतो.

उधारीचं वय. तीस, साठ, नव्वद दिवस असे गट पाडून खातेनिहाय. ही यादी चवथीच्या तीन आठवडे आधी काढा आणि माणसं पाठवा. चवथ झाल्यावर मागायला गेलात तर समोरचाही खरंच बोलत असतो, त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.